निकाल शुक्रवारी लावू नये

पाटीवर फक्त 'डॉ. मगदूम' एवढंच.
पुढचा शब्द बाईंनी रंगवू दिला नाही.
"तो वाचला की माणसं जिना उतरतात, दस्तगीर."
शाहूपुरीत, खाली पंपांच्या स्पेअर पार्टचं दुकान,
वर आम्ही, शेजारी दाताचे डॉक्टर.
जिन्यात कुणी ओळखीचं भेटलं
की आमचा पेशंट गाल धरून उभा राहायचा.
अठ्ठावीस वर्षं मी नंबर दिले
त्या गाल धरलेल्यांना.

गाव म्हणायचं, खुळ्यांची डॉक्टरीण.
तेच गाव काही झकास दिसलं की म्हणतं, नाद खुळा!
बाई हसायच्या.
शिवी आणि शाबासकी एकाच शब्दात,
हे आपल्यालाच जमतं म्हणायच्या.

सकाळी सीपीआरला पोरांना शिकवायच्या,
संध्याकाळी दवाखाना.
त्यांचं औषध निम्मं चिठ्ठीवर,
निम्मं गप्प बसण्यात.
कागलची सून, इचलकरंजीचा सायझिंगवाला,
तालमीतला एक गडी, नव्वद किलोचा,
ज्याला रात्री लाइट घालवायची भीती वाटे.
माणसं फार हळू बोलतात तिथं,
म्हणून वैशाखातसुद्धा हाक यायची,
"दस्तगीर, पंखा बंद करा."

एक पोरगा होता, गारगोटीकडचा, इंजिनिअरिंगचा.
त्याचा सोमवारचा नंबर मीच लिहिला, सात.
निकाल लागला शुक्रवारी, संध्याकाळी साडेसहाला.
सोमवारी मी सात नंबर तीनदा पुकारला.
मग खालच्या दुकानदारानं पेपर वर आणून दिला,
आतलं पान, चार ओळी.
आठ नंबर बराच वेळ बाहेरच बसून राहिला.
बाईंनी तो केसपेपर कपाटात लावला नाही.
घडी घालून पर्समध्ये ठेवला.

पुढं विभागप्रमुख झाल्या, अधिष्ठाता झाल्या,
आणि एका उन्हाळ्यात राजभवनातून पत्र आलं.
मला म्हणाल्या, चला सागरमाळावर.
मी म्हटलं, कुलगुरूंच्या दारात नंबर कोण लावणार?
"तिथंच जास्त लागतात."

तिथं मोर ओरडतात भर दुपारी,
आणि फायली मोरांपेक्षा जास्त.
पहिल्याच महिन्यात कर्मचाऱ्यांचा मोर्चा आत घुसला.
सर्जेराव शेळके, संघटनेचा पुढारी, टेबलावर हात आपटून म्हणाला,
खुळ्यांच्या डॉक्टरनं विद्यापीठ चालवायचं का आता?
बाईंनी माझ्याकडं पाहिलं. मी पंखा बंद केला.
तो पन्नास मिनिटं बोलला.
शेवटी शेवटी मागण्या संपल्या
आणि पुण्याची लेक फोन उचलत नाही, असं काहीतरी निघालं.
बाकीचे छताकडं बघत होते.
अकरापैकी चार मागण्या मान्य झाल्या.
तो चहा न घेता गेला.

त्याच आठवड्यात परिपत्रक निघालं:
निकाल शुक्रवारी लावू नये,
सुट्टीच्या आदल्या दिवशी लावू नये,
सोमवार ते बुधवार, सकाळी अकरा.
परीक्षा विभागानं कारण विचारलं.
विद्वत सभेनंही विचारलं.
नोटशीट मीच नेली, म्हणून वाचली.
कारण: प्रशासकीय सोय.
खाली सही. शाई जराशी पसरलेली.

सगळं जमलं असं नाही.
मुलींच्या वसतिगृहाचं छत पाचही पावसाळे गळलं.
ठेकेदार कुणाचा माणूस, ते माळावरच्या मोरांनाही ठाऊक होतं.
पेपरात आलं: कुलगुरू ऐकतात फार, करतात कमी.
बाईंनी ते कात्रण मला दाखवलं,
म्हणाल्या, निम्मं खरं आहे.
कुठलं निम्मं, ते मी विचारलं नाही.

आता परत शाहूपुरी, तोच जिना.
गुडघे दोघांचेही कुरकुरतात.
पाटी नवी केली, शब्द तेवढेच.

परवा सर्जेराव आला.
निवृत्त झालाय, केस सगळे पिकलेत.
वरच्या पायरीवर मला पाहिलं
आणि गाल धरला.
दात दुखतोय म्हणाला.

दाताचे डॉक्टर तर तीन वर्षांपूर्वीच
राजारामपुरीला गेले.
मी वही उघडली, नंबर लिहिला,
आणि आत जाऊन आधी पंखा बंद केला.